अंटार्क्टिकाच्या महाकाय हिमनगाचा माग कसा काढायचा? घरबसल्या, उपग्रहांच्या चित्रांवरून

उपग्रहचित्रात मोठा हिमनग सापडणं सोपं असतं. २०२३ साली वेडेल समुद्रातून बाहेर पडलेला ए-२३ए हा हिमनग सुमारे ४,००० चौरस किलोमीटरचा होता, म्हणजे अख्ख्या गोव्याहून मोठा. तो नजरेतून सुटेल कसा? खरी कसोटी लागते ती आठवडाभराने. मध्ये चार-पाच दिवस नुसते ढग, मग एकदाचं रडारचं चित्र हाती येतं आणि त्यात तीन पांढरे तुकडे दिसतात. यातला आपला कोणता? बर्फ दिसला की काम झालं असं नवख्यांना वाटतं, पण या कामात सगळा वेळ जातो तो ओळख पटवण्यात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

यासाठी लागतं ते साधं इंटरनेट, शक्यतो मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आणि एक स्प्रेडशीट. पैसे लागत नाहीत, प्रोग्रॅमिंगही लागत नाही. मोबाईलवर चित्रं दिसतात, पण मोजमाप करताना बोट जाड पडतं.

पायरी पहिली: एकच हिमनग निवडा

मोठ्या हिमनगांची अधिकृत यादी ठेवते ती अमेरिकेची यूएस नॅशनल आइस सेंटर ही संस्था. तिथलं नौदल, तटरक्षक दल आणि 'नोआ' ही हवामान-महासागर संस्था मिळून ती चालवतात. यादी दर आठवड्याला ताजी होते आणि कोणालाही उतरवून घेता येते. लांबी किमान १० सागरी मैल किंवा क्षेत्रफळ किमान २० चौरस सागरी मैल असेल, तरच हिमनगाला यादीत जागा मिळते. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे साधारण साडेअठरा किलोमीटर लांबी किंवा ६९ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ.

नाव वाचता आलं की अर्धा इतिहास कळतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या वर्तुळाचे चार भाग केले आहेत. शून्य ते ९० अंश पश्चिम हा 'ए', ९० ते १८० पश्चिम हा 'बी', १८० ते ९० पूर्व 'सी' आणि ९० पूर्व ते शून्य 'डी'. हिमनग पहिल्यांदा जिथे नोंदला गेला त्या भागाचं अक्षर, त्यापुढे त्या भागातला अनुक्रमांक. पुढे तो फुटला की तुकड्यांना ए, बी, सी अशी शेपटी लागते. ए-२३ए म्हणजे ए-२३ चा एक तुकडा. मूळ ए-२३ हा १९८६ साली फिल्शनर आइस शेल्फपासून सुटला. (आइस शेल्फ म्हणजे जमिनीवरून सरकत येऊन समुद्रावर तरंगणारं बर्फाचं जाड पठार, मोठे सपाट हिमनग तिथूनच तुटतात.) नाव जन्माच्या जागेवरून पडतं, पत्ता बदलला म्हणून बदलत नाही. त्यामुळे 'डी'चा हिमनग 'ए'च्या हद्दीत भेटला तर गोंधळून जाऊ नका.

यादीत नाव, लांबी, रुंदी, अक्षांश, रेखांश आणि शेवटच्या नोंदीची तारीख असते. दक्षिण आणि पश्चिम या दिशा उणे चिन्हाने दाखवतात. रेखांशाचं उणे चिन्ह गाळलं तर दक्षिण अमेरिकेखालचा हिमनग थेट आफ्रिकेच्या खाली जाऊन बसतो. शेवटच्या नोंदीची तारीख मात्र आधी बघा. यादी या शुक्रवारची असली तरी एखाद्या हिमनगाची जागा आठवड्याभरापूर्वीची असू शकते.

पहिल्या सरावाला चालू हिमनग घेऊ नका. ज्याची गोष्ट ठाऊक आहे असा जुना घ्या, म्हणजे उत्तर पडताळता येतं. माझ्या मते ए-२३ए याला तोड नाही. तो तीस वर्षांहून अधिक काळ वेडेल समुद्राच्या तळाला रुतून बसला होता. सोव्हिएत संघाचा द्रुझनाया हा संशोधन तळसुद्धा त्याच्यावर अडकून गेला होता. २०२० च्या सुमारास तो हलला, २०२३ च्या अखेरीस वेडेल समुद्राबाहेर पडला, २०२४ चे बरेच महिने साउथ ऑर्कनी बेटांजवळ अडकला, डिसेंबर २०२४ मध्ये सुटला आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला साउथ जॉर्जिया बेटापासून सत्तरेक किलोमीटरवर पुन्हा टेकला. रुतणं, वाहणं, गोल फिरणं, फुटणं, सगळे धडे एकाच हिमनगात मिळतात.

पायरी दुसरी: डोळ्यांना दिसतं ते आधी बघा

नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' हे संकेतस्थळ उघडा. सुरुवातीला नेहमीचा जगाचा नकाशा दिसेल. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बदलायचं बटण शोधून अंटार्क्टिक हा पर्याय निवडा, मग दक्षिण ध्रुव मधोमध येतो. खालच्या कालपट्टीवर मार्च २०२५ चा पहिला आठवडा लावा, किनारपट्टीचा आणि अक्षांश-रेखांशांचा थर चढवा आणि साधारण ५५ अंश दक्षिण, ३८ अंश पश्चिम इथे जवळ जा. साउथ जॉर्जियाच्या नैऋत्येला पांढरं, सरळ कडांचं काहीतरी दिसेपर्यंत एकेक दिवस पुढे-मागे करा.

बहुतेक दिवस ढगच दिसतील. दक्षिण महासागर हा पृथ्वीवरच्या सर्वांत ढगाळ भागांपैकी एक आहे, त्यामुळे निराश होऊ नका. ढग की बर्फ हे ठरवायला दोन युक्त्या कामी येतात.

पहिली, एकाच दिवसाची दोन उपग्रहांची चित्रं आलटून पालटून बघणं. टेरा, अ‍ॅक्वा, सुओमी एनपीपी, नोआ-२० हे वेगवेगळ्या वेळी वरून जातात. तेवढ्या तासांत ढगाचा आकार पार बदलतो. हिमनग खूप वेगात असला तरी तासाला जेमतेम एखादा किलोमीटर जाणार, म्हणजे चित्रात तो जागचा हललेलाच दिसत नाही. सगळं हलतंय आणि एकच गोष्ट स्थिर आहे, असं दिसलं की ती पकडा.

दुसरी युक्ती रंगांची. थरांच्या यादीत टेराचा ३-६-७ पट्ट्यांचा थर आहे (पट्टा म्हणजे उपग्रह वेगळा टिपतो तो प्रकाशाचा एक भाग). त्यात बर्फ लालसर दिसतो आणि पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरे राहतात. उंचावरचे बर्फकणांचे ढग मात्र फिक्या गुलाबी-नारिंगी रंगात येतात आणि फसवतात, म्हणून कडा बघायची: ढगाची विरत जाते, हिमनगाची कापल्यासारखी असते. हाच थर अ‍ॅक्वासाठी शोधत बसू नका. अ‍ॅक्वावरच्या सहाव्या पट्ट्याचे बरेच संवेदक बिघडलेले असल्याने तो तिथे मिळत नाही. टेरा १९९९ चा आणि अ‍ॅक्वा २००२ चा, दोघेही म्हातारे. ताज्या कामासाठी सुओमी एनपीपी आणि नोआ-२० यांच्या थरांची सवय लावून घेतलेली बरी.

सूर्य कलता असेल तेव्हा आणखी एक खूण मिळते. सपाट हिमनगाचा कडा पाण्यापासून तीस-चाळीस मीटर उंच असतो, आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूला त्याची गडद रेघ पडते. गोठलेल्या समुद्राचा पातळ थर अशी सावली टाकत नाही.

पायरी तिसरी: रडारकडे वळा

मे ते ऑगस्ट या काळात दक्षिणेकडे सूर्यच नसतो किंवा नावापुरता असतो. तेव्हा आणि एरवीच्या ढगाळ दिवसांतही भरवसा रडारचा. युरोपचे सेंटिनेल-१ मालिकेतले उपग्रह स्वतःच रेडिओलहरी सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतात. त्यांना अंधार अडवत नाही, ढगही अडवत नाहीत. चित्रं 'कोपर्निकस ब्राउझर'वर फुकट बघता येतात. उतरवून घ्यायची तर खातं उघडावं लागतं, तेही फुकटच.

नवखा माणूस इथे हमखास अडतो. सेंटिनेल-१ निवडून शोध दिला की अंटार्क्टिकाच्या समुद्रावर काहीच सापडत नाही, कारण तयार पर्याय जमिनीसाठीचा असतो. ध्रुवीय समुद्रावर हा उपग्रह 'एक्स्ट्रा वाइड' पद्धतीने काम करतो, एका फेरीत ४०० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो आणि ध्रुवण, म्हणजे रेडिओलहरींच्या कंपनाची दिशा, 'एचएच' (जाताना-येताना आडवी) ठेवतो. मांडणीत 'ईडब्ल्यू' आणि 'एचएच' निवडा, तारखांची मुदत आठ-दहा दिवसांची द्या, मग चित्रांच्या चौकटी उगवू लागतील. किनाऱ्यापासून दूर खुल्या समुद्रावर हा उपग्रह रोज जात नाही, हे धरून चाला.

रडारचं चित्र फोटोसारखं वाचायचं नाही. त्यातली चमक पृष्ठभाग किती खडबडीत आणि किती कोरडा आहे यावर ठरते. कोरडा, थंड हिमनग चकाकतो आणि शांत समुद्र काळा दिसतो. हा सोपा दिवस. वारा सुटला की समुद्र खडबडीत होऊन उजळतो आणि हिमनग त्यात बुडून जातो. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, हिमनगाचा माथा वितळून ओला झाला की लहरी तिथेच शोषल्या जातात आणि कालचा शुभ्र हिमनग आज राखाडी किंवा चक्क काळा दिसतो. तो गेला कुठे म्हणून शोधत बसण्याआधी उजळ समुद्रात काळा आकार आहे का ते बघा.

हिवाळ्यात पंचाईत वेगळी असते. सभोवतीचा समुद्र गोठलेला असतो आणि त्यातला जुना, दोन-तीन हिवाळे काढलेला बर्फही रडारला चकाकतो. अशा वेळी हिमनगाची पाठीमागची बाजू तपासा. वारा किंवा प्रवाह पातळ बर्फ पुढे ढकलून नेतो, मोठा हिमनग तसा हलत नाही, आणि आडोशाच्या बाजूला काळ्या पाण्याची पट्टी उघडी पडते. ती पट्टी दिसली की पुढे भक्कम काहीतरी उभं आहे. उलट बाजूला किनाऱ्याचा घट्ट बर्फ हिमनगाला चिकटला असेल तर हिमनग वाढल्याचा भास होतो. हिमनग समुद्रात वाढत नाही. मोजमाप वाढलं तर तुमची रेघ चुकली आहे.

पायरी चौथी: आकार ओळखीचा करा

आता या सगळ्याच्या गाभ्याकडे येऊ. निवडलेल्या हिमनगाचं एक स्वच्छ चित्र घ्या आणि त्याची कड सावकाश बघा. कुठे खाच आहे, कुठे टोक आलंय, कोणती बाजू सरळ आहे, माथ्यावर भेग कोणत्या दिशेने गेली आहे? यातल्या तीन खुणा शब्दांत लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'लांब सरळ कडेच्या एका टोकाला चौकोनी खाच'. सोबत कागदावर हाताने आकार काढा. हे पोरखेळासारखं वाटेल, पण हाताने काढलेला आकार लक्षात राहतो.

पुढच्या चित्रात आधी या खुणा शोधा, मगच जागा नोंदवा. नवखे लोक उलट करतात: यादीतल्या अक्षांश-रेखांशावर जातात, तिथे जो बर्फ दिसेल त्याला नाव देऊन मोकळे होतात. दोन हिमनग जवळजवळ असले की ही पद्धत कोसळते. हिमनग फिरतोही, त्यामुळे चित्र मनात वळवून बघावं लागतं. ते जमत नसेल तर चित्राची प्रत कोणत्याही साध्या फोटो प्रोग्रॅममध्ये टाकून फिरवा.

ए-६८ वर याचा चांगला सराव होतो. जुलै २०१७ मध्ये लार्सन-सी आइस शेल्फपासून सुटला तेव्हा तो सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा होता. त्याचा मोठा भाग, ए-६८ए, डिसेंबर २०२० मध्ये साउथ जॉर्जियाजवळ पोचला आणि तिथे फुटत गेला. त्या महिन्याची चित्रं ओळीने लावा आणि कोणता तुकडा कोणत्या कडेचा होता हे जुळवून बघा. मूळ आकार हाताने काढलेला असेल तर जुळतं, नसेल तर डोकं धरून बसायची वेळ येते.

पायरी पाचवी: नोंद आणि हिशेब

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एवढं असावं: तारीख, जागतिक प्रमाणवेळ, उपग्रह, मध्यबिंदूचा अक्षांश आणि रेखांश, लांबी, ओळखीच्या किती खुणा पटल्या, आणि शेरा. वेळ भारतीय लिहू नका. आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्याने तारीखच बदलते. सेंटिनेल-१ च्या फाइलच्या नावातच तारीख आणि जागतिक वेळ असते, तिथून उचला. 'किती खुणा पटल्या' हा रकाना कंटाळवाणा आहे, पण महिन्याभराने एखादी नोंद वेडीवाकडी वाटली की हाच वाचवतो.

वेग काढायला शाळेतलं गणित पुरतं. समजा, हिमनग ५८.५ दक्षिण, ४२.० पश्चिम इथून सात दिवसांत ५७.९ दक्षिण, ४१.२ पश्चिम इथे आला. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११.२ किलोमीटरचा, म्हणून ०.६ अंशांचे झाले ६६.७ किलोमीटर. रेखांशाचा अंश ध्रुवाकडे आक्रसत जातो, त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. ५८.२ अंशांचा कोसाइन ०.५२७, म्हणजे ०.८ अंशांचे सुमारे ४७ किलोमीटर. पायथागोरस लावला की अंतर साडेएक्याऐंशी किलोमीटर, आणि दिवसाला सरासरी साडेअकरा. वेग पटण्यासारखा आहे. हाच आकडा दिवसाला ऐंशी किलोमीटर आला असता तर हिमनगाने झेप घेतली असं समजू नका. वेगळाच तुकडा पकडला आहे, नाहीतर आकडा चुकीचा टाइप झाला आहे.

क्षेत्रफळात जास्त सांभाळायला हवं. ए-२३ए ची अधिकृत मापं एके काळी ४० बाय ३२ सागरी मैल होती. गुणाकार केला तर सुमारे ४,३९० चौरस किलोमीटर येतात, पण प्रत्यक्ष क्षेत्रफळ ४,००० च्या आसपास होतं, कारण हिमनग काटकोन चौकोन नसतो. म्हणून कडेवरून बिंदू टाकत बहुभुज काढा. वर्ल्डव्ह्यूमध्ये मोजपट्टीचं साधन आहे, ते क्षेत्रफळही देतं. एकच कड वेगवेगळ्या दिवशी पुन्हा काढून बघा. येणारा फरक ही तुमच्या हाताची चूक. त्याहून लहान बदलाला 'हिमनग वितळला' म्हणू नका.

नकाशाची फसवणूकही ध्यानात ठेवा. वेबवरचे नेहमीचे नकाशे ६० अंश दक्षिणेला लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दाखवतात. ध्रुवीय प्रक्षेपण पुष्कळ बरं, पण अंटार्क्टिकासाठी वापरतात ते ७१ अंशांवर अचूक बेतलेलं आहे. साउथ जॉर्जियाजवळ, ५५ अंशांवर, ते लांबी सुमारे सात टक्के आणि क्षेत्रफळ चौदा टक्के फुगवतं. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरणार असाल तर मोजताना सपाट कागदाऐवजी लंबगोल पृथ्वीचा पर्याय निवडा. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने बनवलेला 'क्वांटार्क्टिका' हा नकाशासंच त्यात उघडतो. किनारे, समुद्रतळ, आइस शेल्फ सगळं आयतं मिळतं.

जाडी मात्र अशा चित्रांतून कळत नाही. त्यासाठी क्रायोसॅट-२ किंवा आइससॅट-२ सारखे उंची मोजणारे उपग्रह लागतात. ए-६८ए सुरुवातीला सरासरी २३५ मीटर जाड होता आणि साउथ जॉर्जियाजवळच्या तीन महिन्यांत त्याने सुमारे १५२ अब्ज टन गोडं पाणी समुद्रात सोडलं, हा हिशेब तशा मोजमापातून निघाला. ते पुढच्या वर्गाचं काम.

पायरी सहावी: मार्ग वाचा

महिन्याभराचे बिंदू नकाशावर मांडले की मार्ग दिसू लागतो. किनाऱ्यालगतचा प्रवाह अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडे वाहतो. वेडेल समुद्रात पाणी घड्याळाच्या दिशेने फिरतं आणि हिमनगांना द्वीपकल्पाच्या कडेने उत्तरेला काढून देतं. तिथे अंटार्क्टिकाला वळसा घालणारा मोठा प्रवाह त्यांना पूर्वेकडे, साउथ जॉर्जियाच्या दिशेने नेतो. महाकाय हिमनगाचा बहुतेक भाग पाण्याखाली असल्याने त्याला वाऱ्यापेक्षा प्रवाह जास्त ओढतो. तुमचा हिमनग प्रवाहाच्या उलट चाललेला दिसला तर पुन्हा चौथ्या पायरीवर या.

बिंदू जागचे हललेच नाहीत तर समुद्रतळाचा नकाशा बघा. उथळ जागा असेल तर तो रुतला असणार. पण इथेच ए-२३ए ने २०२४ मध्ये मोठी गंमत केली. त्याचा मध्यबिंदू महिनोन् महिने साउथ ऑर्कनीच्या उत्तरेला एकाच परिसरात होता, आणि यादीतले आकडे बघणाऱ्याला तो रुतल्यासारखा वाटला असता. खाली मात्र पिरी बँक नावाचा समुद्रातला उंचवटा होता. प्रवाह त्यावरून जाताना पाण्याचा फिरता स्तंभ तयार झाला होता. त्याला टेलर स्तंभ म्हणतात. हिमनग त्यात अडकून दिवसाला सुमारे १५ अंशांनी घड्याळाच्या उलट दिशेने गरगरत होता. अक्षांश-रेखांशांत हे कधीच दिसलं नसतं. ते तपासायची रीत सोपी आहे: मध्यबिंदूपासून ओळखीच्या खाचेपर्यंत रेघ मारा, उत्तरेशी होणारा कोन मोजा आणि दुसऱ्या दिवसाच्या चित्राशी ताडून पाहा. २०२४ च्या मध्याची रडारचित्रं घेऊन हा प्रयोग कराच.

जुना माल आणि आपल्याकडचा हात

वर्ल्डव्ह्यूच्या आधीचा काळ हवा असेल तर अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा अंटार्क्टिक हिमनगांचा संग्रह बघा. समुद्रावरचा वारा मोजण्यासाठी बनवलेल्या स्कॅटरोमीटर उपकरणांच्या नोंदींतून त्यांनी १९७८ पासूनच्या हिमनगांचे मार्ग काढले आहेत. चित्र भरड असतं, आकार ओळखता येत नाही, पण रोजची जागा मिळते. या संग्रहात इस्रोच्या ओशनसॅट-२ वरच्या स्कॅटरोमीटरच्या नोंदीही वापरल्या आहेत.

भारताचं भारती हे केंद्र प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे, आणि त्याच उपसागराच्या दुसऱ्या अंगाला अमेरी आइस शेल्फ. आपल्या मोहिमा गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून आखल्या जातात. अमेरीपासून सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस १,६३६ चौरस किलोमीटरचा डी-२८ सुटला. तेव्हा तिथे उजेड परतलेला असतो, म्हणून त्या पंधरवड्याची चित्रं मागे-पुढे करून नेमकी सुटण्याची तारीख स्वतः शोधणं हा उत्तम सराव आहे. त्यानंतर किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर तो पश्चिमेकडे निघतो का ते बघा. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला नासा आणि इस्रोचा निसार हाही रडार उपग्रह आहे. तो डावीकडे बघतो, त्यामुळे उजवीकडे बघणाऱ्या सेंटिनेल-१ पेक्षा दक्षिणेला जास्त आतपर्यंत पोचतो.

कधी थांबायचं?

फुटणारा हिमनग नवख्याला दमवतो. मे २०२५ मध्ये ए-२३ए च्या कडेचे असंख्य बारीक तुकडे समुद्रात पसरले होते आणि सप्टेंबरपर्यंत तो जानेवारीच्या सुमारे ३,५०० चौरस किलोमीटरवरून निम्म्यावर आला. सगळे तुकडे धरायला जाऊ नका. मूळ खुणांपैकी निदान दोन ज्याच्यावर शिल्लक आहेत तोच तुकडा पुढे न्या. मोठी शकलं पडली की यादीत कोणाला कोणती शेपटी मिळाली ते बघून तेवढ्यांसाठी नवीन पानं उघडा. ठरलेल्या मापाखाली गेलेला तुकडा अधिकृत यादीतून निघतो. तुम्हीही शेवटची तारीख, जागा आणि क्षेत्रफळ लिहून पान बंद करा. मग चालू हिमनग हाती घ्यायला हरकत नाही. ए-२३ए फुटल्यावर सर्वांत मोठा ठरलेला डी-१५ए अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत आहे. तो फार हलत नाही, आणि ताज्या चित्रांवर हात बसवायला तसाच हिमनग बरा.